धुरळा न उडवणारी गाडी

मी एक बाटली बोलतेय. नेलपॉलिशच्या बाटलीएवढी आहे. झाकणाला आतून छोटा ब्रश आहे आणि पोटात एक पोलादी गोळी. मला हलवलं की ती खुळखुळते. पण माझ्यात नखांना लावायचा रंग नव्हता. महागड्या मोटारीच्या अंगावरचे टवके बुजवायचा पांढरा रंग होता. हे सांगताना पूर्वी मला मिरवावंसं वाटायचं. आता शिसारी येते.

कारखान्यात मला भरलं तेव्हा माझ्या रंगाला कुठल्याशा बर्फाच्या शिखराचं नाव दिलं होतं. पांढऱ्याला पांढरा म्हणायची त्या लोकांना चोरी. माझ्यासोबत एकाच डबीत माझी जुळी बहीण होती, बिनरंगी लॅकरची बाटली. आधी मी भरायचं, मग तिने वरून चकाकी आणायची, असं आमचं ठरलेलं. डबी कॅनडातल्या सास्काटून शहराच्या शोरूममध्ये आली आणि गाडीच्या किल्लीबरोबर डार्सी कोवालच्या हातात पडली.

डार्सी दातांचा डॉक्टर. पन्नाशी उलटलेली, हात मात्र मुलीसारखे मऊ. गाडी जर्मन, पांढरीशुभ्र, अर्धी विजेवर चालणारी. हळू चालवली तर मांजराच्या पावलांनी जायची, शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळायचं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. मला ती विसरता येत नाही.

पहिला टवका हायवेवर उडाला. पुढच्या ट्रकच्या चाकातून खडा आला आणि बॉनेटवर टक्कन आवाज झाला. डार्सीने भर रस्त्यात अशी किंकाळी फोडली की मला वाटलं माणूस चिरडला. खाली उतरून बघतो तर मोहरीएवढा काळा ठिपका!

रविवारी गॅरेजचं दार बंद करून तो कामाला बसला. कपाळाला दिवा, डोळ्यांना दवाखान्यातलं भिंग. दातातली कीड उकरायच्या सळईने त्याने टवक्याच्या कडा साफ केल्या, स्पिरिटने पुसलं. झाकणातला ब्रश त्याला जाडा वाटला म्हणून टूथपिकच्या टोकावर माझा एक थेंब घेतला आणि श्वास रोखून त्या खड्ड्यात सोडला. मग वाळायची वाट. मग पुन्हा एक थेंब. दातातलं सिमेंट पक्कं करायचा निळा दिवासुद्धा त्याने माझ्यावर धरून पाहिला. माझ्यावर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही, पण त्याची हौस फिटली.

त्याची बायको कॉलीन दारात येऊन उभी राहिली. "भूल दिलीस ना आधी? दुखत असेल हो बिचारीला."

"कॉलीन, हात हलेल माझा."

"माझा अख्खा दात तू याच्या निम्म्या वेळात काढला होतास."

तेव्हा मला कॉलीनचा राग आला होता. मला वाटलं, काय हा माणूस! एवढ्याशा जखमेसाठी एवढी माया! मूर्ख होते मी. माया कुणावर आणि कशासाठी, हे आधी बघायला हवं होतं.

डार्सीची आई नेटी गावाकडे शेतावर एकटी राहायची. नवरा गेल्यावर तिने जमीन शेजारच्या लॉर्न फेरला कसायला दिली, पण घर सोडलं नाही. हायवेपासून तिच्या दारापर्यंतचा रस्ता खडीचा. तिकडचे सगळेच आडरस्ते खडीचे, सरळ आणि लांबच लांब.

गाडी घेतल्यावर डार्सी तिला दाखवायला गेला, ती दारापर्यंतची पहिली आणि बराच काळ शेवटची खेप. अंगणात पोहोचल्यावर तो बॉनेटसमोर उकिडवा बसला. तीन टवके. नेटी दारात एप्रनला हात पुसत उभी होती.

"अरे, आत तरी ये. पेरोगी निवतायत."

"आई, एक मिनिट!"

ते एक मिनिट पेरोगी, म्हणजे तिच्या बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, गार होईपर्यंत चाललं. कॉलीन आणि नेटी खिडकीतून त्याच्या पाठीकडे बघत जेवल्या.

त्यानंतर डार्सीने युक्ती काढली. हायवेला जिथे खडीचा रस्ता फुटतो, तिथे बंद पडलेली एक कर्लिंग रिंक आहे, बर्फावर दगड सरकवायच्या खेळाची. तिच्यापुढे चांगली डांबरी जागा. डार्सी तिथे गाडी लावायचा आणि आईला फोन करायचा. मग आई तिचा जुनापुराणा पिकअप घेऊन खडखडत यायची आणि लेक-सुनेला घरी न्यायची. संध्याकाळी परत आणून सोडायची. मुलगा आईला भेटायला जातो, आणि अर्ध्या रस्त्यावर उभा राहून आईलाच न्यायला बोलावतो. ऐंशीला टेकलेल्या आईला. यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नाही, म्हणून मला जास्त किळस येते.

हे मला कसं ठाऊक? कारण मी बरोबर असायचे. उभ्या गाडीत उन्हाने मी घट्ट होईन, थंडीने गोठेन, या भीतीने तो मला कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा. पोटच्या पोरासारखं जपायचा. पिकअपमध्ये माझ्या एका बाजूला त्याची छाती आणि दुसऱ्या बाजूला आईचं कोपर असायचं.

त्या भागात समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट वर करतो. ओळखीचा असो वा नसो, ही तिथली रीत. नेटी सगळ्यांना बोट करायची. एकदा तिने रस्त्याच्या कडेच्या पाटीच्या खांबालाही केलं. कॉलीनने ते पाहिलं, मीही पाहिलं. डार्सी फोनवर टवक्यांबद्दल काहीतरी वाचत होता.

घरी गेल्यावर त्याने मला खिशातून काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. नेटीने मला उचललं आणि डोळ्यांच्या कडेला धरून, मान वाकडी करून पाहिलं.

"काय पांढराशुभ्र आहे रे हा! मलासुद्धा दिसतोय. याचा एक ठिपका माझ्या शेगडीच्या बटणावर लावून दे ना. आच मोठी कुठे आणि मंद कुठे, हल्ली कळतच नाही."

"आई, तो काय कुंपणाला फासायचा रंग आहे? खास या गाडीच्याच नंबरचा असतो तो."

"अरे, एक ठिपका मागतेय. बादलीभर नाही."

"पुढच्या वेळी तुला नेलपॉलिश आणतो." त्याने मला तिच्या हातातून काढून घेतलं.

पुढच्या वेळी त्याने नेलपॉलिश आणलं नाही, हे काय वेगळं सांगायला हवं?

कॉलीनने विचारलं, "नेटी, डोळ्यांना काय झालंय गं?"

"काही नाही. मधोमध जरासं धुकं. कडेचं सगळं दिसतं." नेटीने खिडकीकडे हात केला. "तो बघ, लॉर्न चाललाय. एवढा उंच धुरळा त्या वेड्याशिवाय कुणी उडवत नाही. पोस्टवालीचा बारीक असतो. दोन मैलांवरून सांगते मी कोण येतंय ते."

"आणि तू गाडी चालवतेस?"

"रस्ता पाठ आहे मला. आणि मी आले नाही, तर तुम्ही कसे येणार?"

कॉलीनने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पेरोगीवर साय घेतली. त्या दिवशी मला कळलं की आपण चुकीच्या खिशात आहोत.

मग ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे तिकडच्या सुगीच्या सणाचा, रविवार आला. पीक कापून झालेलं, पाऊस नाही, वारा कोरडा. नेटीने कोबीच्या पानात भात-खिमा गुंडाळून होलुप्ची करून ठेवली होती आणि सकाळपासून फोन चालू होते. "निघालात का? कुठवर आलात?" रिंकसमोर पोहोचल्यावर डार्सीने फोन केला आणि ती म्हणाली, "ही निघालेच बघ! भांडंही बरोबर घेते, वाटेतच एखादी खा."

डार्सी खाली उतरला आणि सवयीने बॉनेट न्याहाळायला लागला. हायवेवर एक नवीन टवका उडाला होता. "आई येईपर्यंत होईल," म्हणत त्याने पेटी काढली. सळई, स्पिरिट, टूथपिक, मी. माझे दोन थेंब त्याने आत सोडले, फुंकर मारली, आणि वर लॅकरचा थर दिला.

नेटी आली नव्हती.

"फोन उचलत नाहीये," कॉलीन म्हणाली.

"गाडी चालवताना तिने उचलूही नये."

थोडा वेळ गेला. कॉलीन रस्त्याच्या तोंडाशी जाऊन बघून आली. "धुरळा नाही दिसत. एवढा वेळ कधी लागत नाही तिला. डार्सी, चल, आपण आत जाऊ."

"लॅकर ओलं आहे."

"काय?"

"ओलं आहे म्हणतोय. आत्ता खडीवर घातली गाडी तर सगळी माती चिकटेल. पुन्हा घासून काढावं लागेल. अर्धा तास दे फक्त."

मी बॉनेटवर उभी होते, मला कॉलीनचा चेहरा दिसत होता. माणूस अन्नात झुरळ सापडल्यावर जसं बघतो, तसं ती नवऱ्याकडे बघत होती. मला हातपाय असते तर मी त्या बॉनेटवरून स्वतःला खाली लोटून दिलं असतं. माझ्यासाठी थांबला होता तो. माझ्या दोन थेंबांसाठी!

तेवढ्यात हायवेवरून लॉर्नचा ट्रक वळला. कॉलीन हात पसरून रस्त्यात आडवी उभी राहिली. "लॉर्न, मला नेटीकडे ने. आत्ता!"

"आणि हा?" लॉर्नने खिडकीतून डोकं काढून डार्सीकडे पाहिलं.

"त्याचा रंग वाळायचाय."

ट्रकने असा धुरळा उडवला की डार्सी दोन्ही हात पसरून टवक्यावर पाखरासारखा वाकला. जाणाऱ्या बायकोकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

काही वेळाने गाडीतल्या स्पीकरवर कॉलीनचा फोन आला. रस्ता सपाट करणाऱ्या यंत्राने मधोमध खडीची लांब रांग सोडली होती. डोळस माणूस तिला वळसा घालून जातो. नेटीचा पिकअप तिच्यावर चढला, भरकटला आणि चरात कलंडला. मनगट मोडलं होतं, बरगड्यांना मार होता. ती कशीबशी दारातून बाहेर सरकली होती आणि कापलेल्या गव्हाच्या सडांवर पडून होती.

"ये आता," कॉलीन म्हणाली, "वाळलं असेल तर."

तेव्हा तो निघाला. आईसाठी निघाला, हे मी नाकारत नाही. चेहरा पांढराफटक पडला होता त्याचा. पण खडीवर चाक गेलं, खाली पहिला खडा वाजला, आणि त्याचा पाय आपोआप वर आला. मी शेजारच्या सीटवर होते. काटा मला दिसत होता. सायकल पुढे गेली असती आमच्या. तो रडत होता आणि हळू चालवत होता. दोन्ही एकाच वेळी! माणसाचं हे मला आजवर उलगडलेलं नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा लॉर्नने नेटीच्या अंगावर आपला कोट घातला होता. होलुप्ची सगळीकडे सांडली होती, भांड्याचं झाकण चरात पडलं होतं.

"कुठे होतास रे?" लॉर्न म्हणाला. "आम्ही सारखं रस्त्याकडे बघतोय, तुझा धुरळा कुठे दिसतोय का. काहीच दिसेना. म्हटलं, हा येतोय की घरी गेला?"

नेटीने मान वळवली. "मीपण तेच बघत होते पडल्यापडल्या. म्हटलं, मी आले नाही म्हटल्यावर डार्सी येईलच. धुरळा उठला की हात हलवायचा. पण धुरळाच दिसेना. माझे डोळे अगदीच गेलेत वाटतं."

"नाही नेटी," कॉलीन म्हणाली. "तुझे डोळे बरोबर होते."

डार्सी खाली बसला आणि आईचा दुसरा हात हातात घेतला. त्याच्या अंगठ्याला माझा पांढरा डाग होता. मला तो पुसून टाकावासा वाटला.

पुढचं थोडक्यात सांगते. नेटीचं मनगट जुळलं. गाडी चालवायचा परवाना मात्र गेला आणि पिकअप लॉर्नच्या गोठ्यामागे जाऊन पडला. डार्सीचं म्हणणं, आईने आता शहरातल्या वृद्धांच्या घरात राहावं. तिथपर्यंत डांबरी रस्ता आहे, हेही तो बोलून गेला. नेटी म्हणाली, "माझ्या घरात मला सगळं सापडतं. तिथे मी आंधळी होईन." एकटं राहायचं तर कुणीतरी दर आठवड्याला दारात यायला हवं होतं, आणि ते कॉलीन करायला लागली. ती तिच्या छोट्या, ठिकठिकाणी खरचटलेल्या गाडीतून यायची आणि लॉर्नला लाज वाटेल असा धुरळा उडवायची.

त्याच हिवाळ्यात तिने मला पेटीतून उचललं आणि नेटीच्या हातात ठेवलं. माझी लॅकरवाली बहीण मागे राहिली. तिच्यावाचून मला चकाकी नाही, पण या घरात चकाकीचं कुणाला पडलंय?

"डार्सीला चालेल?" नेटीने विचारलं.

"मी बघते त्याचं."

नेटीने झाकणाचाच ब्रश घेतला. टूथपिक नाही, भिंग नाही. शेगडीच्या प्रत्येक बटणावर, मंद आचेशी आणि मोठ्या आचेशी, हरभऱ्याएवढा गोळा. किटलीच्या दांड्यावर एक रेघ. मागच्या दाराच्या पायऱ्यांच्या कडांना जाड पट्टे. ओघळले, फुगले, वेडेवाकडे वाळले. बर्फाच्या शिखराचं नाव लावणारी मी, जुन्या शेगडीवर ढेकळासारखी बसले. जन्मात पहिल्यांदा मला स्वच्छ वाटलं.

मे महिना आला. बर्फ जाऊन रस्ते कोरडे झाले आणि पेरणीची घाई सुरू झाली. एका सकाळी नेटी खिडकीशी उभी होती, मी खिडकीतच होते. दूर रस्त्यावर धुरळा उठला. उंच, तातडीचा, वर चढत जाणारा.

"लॉर्न नाही हा," ती स्वतःशीच म्हणाली. "लॉर्न शेतात आहे. कॉलीन रविवारी येते. कोण बाई?" धुरळा तिच्या फाटकाशी वळला तेव्हा तिचा हात गळ्याशी गेला. "डार्सी! दारापर्यंत आला!"

तिने लगबगीने किटली ठेवली, चाचपून बटणावरचा माझा गोळा शोधला आणि आच मोठी केली. आनंदाने तिने कप मांडले. माझं काय झालं ते विचारू नका. कारण तो कशासाठी आला होता, ते मला कळलं होतं. गेल्याच रविवारी कॉलीनने या खिडकीशी लॉर्नला, नेटीला ऐकू जाणार नाही असं, हसतहसत सांगितलं होतं, "एकाने हायवेवर त्याचं दार खरवडलंय. घर पालथं घालतोय बाटलीसाठी. मी अजून सांगितलं नाही." आज तिने त्याला सांगितलेलं दिसत होतं. आईसाठी न उडालेला धुरळा माझ्यासाठी उडाला होता. रागाच्या भरात तो खडीवरून सुसाट आला होता, आणि गाडीचं नाक टवक्यांनी भरलं होतं.

तो आत आला. नेटी त्याच्या गळ्यात पडली. "कसा काय आलास? काही काम होतं?"

त्याने तोंड उघडलं. तिच्या खांद्यावरून त्याला मी दिसले.

"बेरी-पाय आणतेय, गेल्या उन्हाळ्यातल्या सास्काटून बेरी भरून भाजलेला," म्हणत नेटी आतल्या खोलीतल्या फ्रीजरकडे गेली.

त्याने झटकन मला उचललं आणि कानाशी धरून हलवलं. गोळी कोरडी खडखडली. थेंबही नव्हता. मग त्याची नजर शेगडीवर गेली, बटणांवरच्या गोळ्यांवर, किटलीच्या रेघेवर. सडका दात बघताना होतं तसं तोंड झालं त्याचं. पण तो ते तोंड तसंच धरून बराच वेळ उभा राहिला. एका गोळ्यावर त्याने बोट फिरवलं. आणि मला जागेवर ठेवलं.

नेटी बेरी-पाय घेऊन आली. "सांग ना, काय काम काढलंस?"

"काही नाही, आई. तुलाच बघायला आलो."

खोटं बोलला. त्याच्या तोंडून मी पुष्कळ खरं ऐकलंय, आणि त्याची मला किळस आली होती. हे एकच खोटं मला सहन झालं.

त्याने चहा घेतला, बेरी-पाय खाल्ला, घड्याळ पाहिलं. नेटी बोलत राहिली. ती दुसऱ्यांदा फ्रीजरकडे गेली, त्याच्याबरोबर होलुप्ची द्यायला. तेव्हा तो उठला. "आई, निघतो गं, पेशंट आहेत," असं अर्धवट आवाजात म्हणाला आणि बाहेर पडला. फ्रीजरच्या घरघरीत ते तिला ऐकू गेलं नाही. गाडी मांजराच्या पावलांनी फाटकाबाहेर गेली आणि खडीवरून हळूहळू, एकेक खडा चुकवत, दिसेनाशी झाली. मातीचा कणसुद्धा उडाला नाही.

नेटी डबा घेऊन आली. रिकाम्या खुर्चीकडे मान वाकडी करून तिने पाहिलं, मग खिडकीशी येऊन रस्त्याकडे.

"छे, गेला नाही," ती म्हणाली. "धुरळा कुठे उठलाय? गाडीपाशीच असेल बघत बसलेला. येईल." तिने माझा ठिपका चाचपून आच मंद केली, किटली तशीच वर ठेवली आणि दुसरा कप भरला.

मी आता रिकामी आहे. कधीतरी कचऱ्यात जाईन, त्याचं दुःख नाही. तुमच्या गाडीचे टवके तुम्ही खुशाल बुजवा, माझ्या बहिणी दुकानोदुकानी मिळतात. माझी विनंती एवढीच आहे. नेटीकडे गेलात तर जोरात जा, तिला लांबून दिसेल असे जा. आणि त्या सकाळी तिचा मुलगा कशासाठी आला होता, हे तिला सांगू नका. ती अजून मला पुसून खिडकीत ठेवते आणि आल्यागेल्याला सांगते, "ही माझ्या डार्सीने दिली."